ताडोबाच्या गेटपासून सुरुवात करा: पर्यटन आणि इंटरनेट या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्या प्राध्यापिकेला उत्तर

चिमूर तालुक्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांना ‘ग्रामीण विदर्भातील पर्यटनावर इंटरनेटचा परिणाम’ या विषयावर पीएच.डी.साठी नोंदणी करायची आहे आणि मार्गदर्शकांनी ३८४ जणांकडून गूगल फॉर्म भरून घेण्यास सुचवले आहे. हा विषय चालेल का, एवढ्या नमुन्यावर भागेल का, पर्यटकांनी ऑनलाइन लिहिलेले अभिप्राय पुरावा म्हणून वापरता येतील का आणि मोठ्या ग्रंथालयापासून दूर राहून पूर्वसंशोधन कुठे वाचायचे, असे त्यांनी विचारले आहे. विदर्भातल्या ग्रामीण महाविद्यालयांत पर्यटनाचे अर्थकारण शिकवण्यात आणि अशा प्रबंधांना मार्गदर्शन करण्यात माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला आहे, म्हणून उत्तर विस्ताराने देतो.

विषय उत्तम आहे, पण या शीर्षकासह तो संशोधन समितीसमोर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विदर्भ हा अकरा जिल्ह्यांचा प्रदेश. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारा भाविक, सेवाग्राम आश्रमात येणारी शाळेची सहल, पावसाळ्यात चिखलदऱ्याला धुके पाहायला जाणारे अकोल्याचे कुटुंब आणि ताडोब्यात वाघासाठी मुक्काम ठोकणारा मुंबईचा छायाचित्रकार, या सर्वांचे इंटरनेटशी असलेले नाते एका प्रश्नावलीत मावणारे नाही. शेगावच्या भाविकाला ठिकाण शोधण्यासाठी इंटरनेट लागतच नाही, कारण ते ठिकाण त्याच्या घरात आधीपासून असते. मोबाइल तो फार तर रेल्वेच्या तिकिटासाठी उघडतो. छायाचित्रकार मात्र कोणती वाघीण कोणत्या पाणवठ्यावर दिसते आहे, हे समाजमाध्यमांवर पाहूनच गेट निवडतो. दोघांची सरासरी काढली तर जो आकडा हाती येईल, तो दोघांपैकी कोणाचाच नसेल.

म्हणून आपण आपल्याच तालुक्यात थांबावे. कोलारा गेट आपल्या तालुक्यात आहे, मदनापूर आणि अलिझंझा ही बफरमधली, म्हणजे गाभा जंगलाभोवतीच्या पट्ट्यातली गेट त्याच बाजूला आहेत आणि नागपूरहून येणाऱ्या पर्यटकांचा मोठा ओघ याच वाटेने येतो. ‘कोलारा परिसरातील गावांत ऑनलाइन आरक्षणामुळे पर्यटकांचा पैसा कोणाकडे वळला’ हा प्रश्न ऐकायला लहान वाटतो, पण त्याचे प्रामाणिक उत्तर चार वर्षांत मिळाले तरी तो मोलाचा प्रबंध होईल. मोठ्या शीर्षकाचा मोह समितीतल्या काही सदस्यांनाही असतो. त्यांना सांगावे की एका गेटची गोष्ट नीट कळली, तर ती पेंच, नागझिरा किंवा मेळघाटच्या गेटशी ताडून पाहता येते.

सुरुवात कशी करावी? एका आरक्षणाचा माग घ्या. पुण्यातले एक कुटुंब उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी सफारीचा परवाना ऑनलाइन काढते. त्याआधी घरातल्या कोणीतरी यूट्यूबवर ताडोब्याची चित्रफीत पाहिलेली असते, कोणीतरी नकाशावरच्या ठिकाणांना मिळालेले तारे पाहिलेले असतात, आणि शेवटी ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला फोन लावून ‘कोलारा बरं की मोहर्ली?’ असे विचारलेले असते. परवाना निघाला की राहण्याची सोय पाहिली जाते; ती मोठ्या आरक्षण संकेतस्थळावरून होते, रिसॉर्टला थेट फोन करून होते किंवा एखाद्या एजंटाच्या पॅकेजमध्ये येते. गेटवर पोचल्यावर जिप्सी आणि गाईड मिळतात, आणि ते साधारणपणे पाळीने मिळतात. मग चहा, पाण्याच्या बाटल्या, टोपी, जेवण, बक्षिशी. या साखळीच्या प्रत्येक कडीवर दोनच प्रश्न विचारायचे: इथे पैसा कोणाच्या हातात गेला, आणि इंटरनेट नसते तर तो दुसऱ्या कोणाच्या हातात गेला असता का?

असे केले की काही लोकप्रिय गृहीतके आपोआप गळून पडतात. ‘चांगल्या ऑनलाइन अभिप्रायांमुळे स्थानिक गाईडचे उत्पन्न वाढते’ हे गृहीतक मी अनेक आराखड्यांत वाचले आहे. पण गाईड पाळीने लागत असेल, तर त्याचे नाव कितीही अभिप्रायांत कौतुकाने आले तरी पुढचा पर्यटक त्याच्या वाट्याला त्या कौतुकामुळे येत नाही. फार तर बक्षिशी वाढते, किंवा एखादा छायाचित्रकार पुढच्या वेळी त्याचा फोन नंबर मागून घेतो. होमस्टे आणि रिसॉर्टचे तसे नाही; तिथे ताऱ्यांचा थेट संबंध गिऱ्हाइकाशी आहे. एकाच गेटवर, एकाच पर्यटकाच्या बाबतीत, इंटरनेटचा परिणाम एका व्यवसायावर मोठा आणि दुसऱ्यावर जवळपास शून्य असू शकतो, आणि याचे कारण तंत्रज्ञानात नसून गेटच्या नियमांत असते. मला वाटते, आपल्या प्रबंधाचा गाभा इथेच आहे.

पूर्वसंशोधनाबद्दल आता सांगतो. पर्यटन आणि माहिती तंत्रज्ञान ही अभ्यासशाखा इंटरनेट घराघरांत पोचण्याच्या आधीची आहे. विमान कंपन्यांच्या संगणकीय आरक्षण प्रणालींपासून तिची सुरुवात होते. या विषयाची ‘एंटर’ ही आंतरराष्ट्रीय परिषद १९९४ मध्ये इन्सब्रुक येथे प्रथम भरली. दिमित्रिओस बुहालिस आणि रॉब लॉ यांनी २००८ मध्ये ‘टुरिझम मॅनेजमेंट’ या नियतकालिकात आधीच्या वीस वर्षांच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, तो नवीन संशोधकाने प्रथम वाचावा. त्याच वर्षी लिट्विन, गोल्डस्मिथ आणि पॅन यांनी तोंडी शिफारशीची जागा ऑनलाइन अभिप्राय कशी घेतात यावर लिहिले, आणि २०१० मध्ये झियांग आणि ग्रेट्झेल यांनी प्रवासाची माहिती शोधणाऱ्याला गूगलच्या निकालांत समाजमाध्यमांची पाने किती ठळकपणे भेटतात हे दाखवले. हे तीन लेख मुळातून वाचले, तर नंतरच्या शेकडो लेखांतले नवे काय आणि पुनरुक्ती काय, हे ओळखता येते.

मात्र हे बहुतेक संशोधन पर्यटकाच्या आणि हॉटेलच्या बाजूने लिहिलेले आहे. पर्यटक माहिती कशी शोधतो, विश्वास कशावर ठेवतो, पुन्हा येतो का, हे प्रश्न त्यात पुष्कळ आहेत. ज्या गावात तो येतो, त्या गावाची बाजू त्या मानाने फार थोडी आहे. आपल्याकडचे अनेक प्रबंध १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी मांडलेले तंत्रज्ञान-स्वीकृतीचे प्रतिमान घेतात, ‘उपयुक्तता’ आणि ‘सुलभता’ यांवर पाच पर्यायांची विधाने तयार करतात आणि पर्यटकांना ऑनलाइन आरक्षण सोयीचे वाटते असा निष्कर्ष काढतात. हे सिद्ध करायला प्रबंधाची गरज नाही. त्यापेक्षा रिचर्ड बटलर यांचे १९८० चे पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राचे प्रतिमान आपल्या गावाला लावून पाहावे. त्यात शोध, सहभाग, विकास, दृढीकरण, स्थिरावणे असे टप्पे आहेत, आणि ‘सहभाग’ या टप्प्यात स्थानिक लोक स्वतः सोयी उभारतात, तर ‘विकास’ या टप्प्यात बाहेरचे भांडवल येते. इंटरनेटमुळे हा सहभागाचा टप्पा आखूड होतो का? पूर्वी नाव पसरायला वर्षे लागत आणि तेवढ्या काळात गाव तयार होई. आता एका वाघिणीच्या चित्रफितीने नाव पसरते आणि गावातला माणूस खोली बांधायला कर्ज काढेपर्यंत रस्त्याकडेची जमीन विकली गेलेली असते. हे खरे आहे की केवळ तसे वाटते, हे तलाठी कार्यालयातल्या फेरफार नोंदी पाहून तपासता येते. माझ्या माहितीत आपल्या भागात हे काम पुरेसे झालेले नाही आणि ते व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.

कालमापनाच्या बाबतीत एक मोठा धोका आहे, तो आपल्याच शेजारच्या उदाहरणावरून सांगतो. ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातून उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात आला, त्याचे नाव देशभर पोचले आणि एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. आता एखाद्या संशोधकाने २०१५ आणि २०१७ चे पर्यटकांचे आकडे शेजारी ठेवून ‘स्वस्त इंटरनेटचा परिणाम’ असे लिहिले, तर तो परिणाम कशाचा म्हणायचा: वाघ नाहीसा झाल्याचा, डेटा स्वस्त झाल्याचा, की रोकड आटल्याचा? यावर उपाय एकच, की दोन टोकांची वर्षे न घेता महिनावार आकडे घ्यावेत आणि त्याच काळातल्या दुसऱ्या एखाद्या गेटचे आकडे तुलनेसाठी ठेवावेत. जिओ आणि नोटाबंदी सगळीकडे एकाच वेळी आली. जय फक्त करांडल्यातून गेला. ताडोब्याच्या बाबतीतही २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातल्या पर्यटनाला दिलेली अंतरिम स्थगिती आणि २०२० ची टाळेबंदी ही खंडित वर्षे आलेखावर ठळक दाखवावीत. गेटनिहाय पर्यटकसंख्या वन विभागाकडे असते. ती आधी साध्या विनंती अर्जाने मागावी. नाहीच मिळाली, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच.

आता ३८४ या आकड्याबद्दल. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातून येतो. लोकसंख्या दहा लाख असेल, विश्वासपातळी ९५ टक्के आणि त्रुटीची मर्यादा ५ टक्के असेल, तर ३८४ जणांचा नमुना पुरतो, असे तो तक्ता सांगतो. पण त्यामागे एक अट आहे, जी प्रबंधांत बहुधा गाळली जाते: नमुना यादृच्छिक असला पाहिजे, म्हणजे समूहातल्या प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी असली पाहिजे. व्हॉट्सअॅपच्या गटांवर पाठवलेला गूगल फॉर्म ही अट मुळीच पाळत नाही. तो आपल्या ओळखीच्यांकडे, त्यांच्या ओळखीच्यांकडे आणि फॉर्म भरायला सवड असलेल्यांकडे जातो. शिवाय आपल्या विषयात त्याचा दोष दुप्पट आहे, कारण इंटरनेटच्या वापराबद्दलचा प्रश्न फक्त इंटरनेट वापरणाऱ्यांनाच विचारला जातो आणि मग ‘९४ टक्के पर्यटक इंटरनेट वापरतात’ यासारखा निष्कर्ष मोठ्या अभिमानाने छापला जातो. असे ३८४ फॉर्म काय आणि तीन हजार फॉर्म काय, दोष तोच राहतो.

त्याऐवजी गेटवर उभे राहावे. सकाळच्या फेरीच्या जिप्सी परत येतात, तेव्हा बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाचव्या जिप्सीतल्या एका प्रौढ व्यक्तीला पाच मिनिटांचे प्रश्न विचारावेत. आठवड्याचे दिवस, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या यांत दिवस वाटून घ्यावेत. ज्यांनी नकार दिला त्यांचीही नोंद ठेवावी. असे दोनशे फॉर्म झाले, तरी ते पाठवलेल्या दुव्यावरच्या हजार फॉर्मपेक्षा अधिक विश्वासार्ह असतील आणि परीक्षकासमोर त्यांचा बचाव करता येईल. गेटवर उभे राहण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी आधी काढावी. सफारीनंतर माणसे दमलेली आणि धुळीने माखलेली असतात, म्हणून प्रश्न थोडेच ठेवावेत.

गावाच्या बाजूचा पुरावा मात्र प्रश्नावलीने मिळत नाही, तो वहीत असतो. बहुतेक होमस्टेमध्ये एक साधी दोनशेपानी वही असते, तिच्यात पाहुण्याचे नाव, किती माणसे, गाडीचा नंबर, आल्या-गेल्याची वेळ आणि रक्कम एवढे लिहिलेले असते. मालकाची संमती घेऊन त्या वहीत एक रकाना वाढवून घ्यावा: ‘कोणाकडून कळलं?’ पाहुण्याला हा प्रश्न घरातल्याच माणसाने चहा देताना विचारायचा आणि उत्तर त्याच शब्दांत लिहायचे. ‘गूगलवर पाहिलं’, ‘जिप्सीवाल्या भाऊंनी सांगितलं’, ‘मागच्या वर्षी भाऊजी आले होते’, ‘रिसॉर्ट फुल होतं, त्यांनीच पाठवलं’ अशी उत्तरे महिनाभरात साचली की ती पाहताना लक्षात येते, की एकच पाहुणा दोन-तीन वाटांनी आलेला असतो. त्याला नाव सहकाऱ्याकडून कळलेले असते, खात्री त्याने फोटो पाहून केलेली असते आणि शेवटचा होकार ड्रायव्हरच्या शब्दावर दिलेला असतो. गूगल फॉर्ममध्ये असा माणूस ‘माहितीचा स्रोत: इंटरनेट’ या एका चौकोनावर खूण करून मोकळा होतो, आणि जिप्सीवाल्या भाऊंचा वाटा आकडेवारीतून नाहीसा होतो.

त्याच वहीशेजारी घरातला मोबाइलही पाहावा, अर्थात परवानगीने. ऑनलाइन नोंदणी कोणाच्या नावावर आहे, आरक्षणाचे संदेश कोणाला येतात, पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात? स्वयंपाक, अंथरुणे आणि साफसफाई आईची किंवा सुनेची असते आणि नोंदणी मुलाच्या नावावर, हे दृश्य मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ३३.३ टक्के आणि पुरुषांचे ५७.१ टक्के नोंदले गेले. हा फरक आपल्या गावातल्या पर्यटनाच्या पैशात कसा उतरतो, हे फक्त अशा घरात बसूनच कळते. आपण स्त्री संशोधक आहात, चुलीपाशी बसून बोलण्याची मोकळीक आपल्याला मिळेल. ती माझ्यासारख्या पुरुष संशोधकाला सहसा मिळत नाही, तिचा उपयोग जरूर करावा.

अभिप्राय पुरावा म्हणून वापरता येतात, पण ते कशाचा पुरावा आहेत हे आधी ठरवावे लागते. जंगलाजवळच्या निवासांचे अभिप्राय वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते: वाघ दिसला तर जेवणही उत्तम, गादीही मऊ आणि मालकही प्रेमळ; वाघ दिसला नाही तर त्याच निवासाला दोन तारे. म्हणजे ताऱ्यांची सरासरी काही अंशी वाघाच्या दर्शनाचे मोजमाप करते, निवासाच्या सेवेचे नव्हे. म्हणून प्रत्येक अभिप्राय वाचून ‘व्याघ्रदर्शनाचा उल्लेख: झाले / नाही झाले / उल्लेख नाही’ अशी नोंद करावी आणि तारे त्या नोंदीनुसार वेगळे काढून पाहावेत. भावनेचे विश्लेषण करणाऱ्या तयार संगणकीय साधनांवर विसंबू नये. आपल्याकडचे पर्यटक रोमन लिपीत मराठी लिहितात, मध्येच हिंदी घालतात, ‘एक नंबर’ किंवा ‘लय भारी’ लिहितात. इंग्रजीवर शिकवलेले साधन हे शब्द एक तर सोडून देते किंवा चुकीच्या रकान्यात टाकते. काहीशे अभिप्राय दोघांनी स्वतंत्रपणे हाताने वर्गीकृत करावेत आणि दोघांचे वर्गीकरण किती जुळते, ते कोहेनच्या कापा गुणांकाने दाखवावे. कष्टाचे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. खोट्या अभिप्रायांचा प्रश्न जगभर आहे. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, ते वाचून त्यातले निकष चाळणीसाठी घेता येतील.

समाजमाध्यमांवरचे फोटो मोजून पर्यटकसंख्येचा अंदाज घेता येतो का, हा आपल्या मनात येणारा पुढचा प्रश्न असेल. २०१३ मध्ये स्पेन्सर वुड आणि सहकाऱ्यांनी ३१ देशांतल्या ८३६ ठिकाणांसाठी फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरचे फोटो आणि प्रत्यक्ष भेटी यांची तुलना केली आणि दोहोंचा संबंध चांगला जुळतो असे दाखवले. हेन्रिक्की टेंकानेन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये फिनलंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत हीच पद्धत तपासली, तेव्हा इन्स्टाग्राम अधिक उपयोगी ठरले आणि जिथे गर्दी जास्त तिथे अंदाज अधिक जुळला. आपल्या लहान गेटसाठी ही दुसरी बाब महत्त्वाची आहे, कारण थोड्या पर्यटकांच्या ठिकाणी फोटोंवरून काढलेला अंदाज डळमळतो. शिवाय ही दारे आता बरीच बंद झाली आहेत. इन्स्टाग्रामने २०१८ पासून डेटा देणे फार आखडते घेतले आणि ट्विटरची विनामूल्य सोय २०२३ मध्ये संपली, त्यामुळे जुन्या लेखांतली पद्धत वाचून तीच आराखड्यात उतरवू नये.

गूगल ट्रेंड्स, म्हणजे गूगलवर एखादा शब्द केव्हा किती शोधला गेला हे दाखवणारे साधन, मात्र कोणालाही पाहता येते. त्यातले ० ते १०० हे अंक शोधांची संख्या सांगत नाहीत, निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूच्या तुलनेतले प्रमाण सांगतात, आणि शोध फार कमी असतील तर शून्य दाखवतात. म्हणून ‘ताडोबा’ चालेल, ‘अलिझंझा’ चालणार नाही. ऑनलाइन कुतूहल आणि प्रत्यक्ष भेट यांतले अंतर पाहायचे असेल, तर लोणारचे उदाहरण वर्गात द्यावे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ती छायाचित्रे जगभर फिरली आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्या वेळी टाळेबंदीमुळे पर्यटक जवळपास नव्हतेच. शोधांचा उच्चांक आणि पर्यटकांचा नीचांक एकाच काळात येऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना याहून स्वच्छ दिसणार नाही.

नैतिकतेचे प्रकरण प्रबंधात शेवटच्या पानावर ढकलले जाते, आपल्या विषयात ते पद्धतीच्या मध्यभागी असले पाहिजे. २०२४ च्या वर्षअखेरीस उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवल्याची चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे पर्यटकाच्या मोबाइलमधली चित्रफीत गर्दीही खेचते आणि गैरप्रकार उघडही करते. हे दोन्ही परिणाम आपल्या अभ्यासात आले पाहिजेत. पण आपण गोळा केलेल्या फोटोंमध्ये बछडे असलेल्या वाघिणीचे ठिकाण ओळखू येत असेल, तर तो फोटो किंवा नकाशा प्रबंधात छापू नये. गाईड आणि चालक यांची पाळी वन विभागाच्या हाती असते, म्हणून ते जे मोकळेपणाने सांगतील त्याखाली त्यांचे नाव, गाव किंवा गाडीचा क्रमांक कधीही येऊ देऊ नये, आणि मुलाखतीच्या वेळी वनरक्षक शेजारी उभा नसावा. अभिप्राय शब्दशः उद्धृत केला, तर तो शोधून लिहिणाऱ्याचे नाव कोणालाही काढता येते, त्यामुळे मजकुराचा आशय स्वतःच्या शब्दांत द्यावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ वाचून ठेवावा. पुढे मेळघाटशी तुलना करायची ठरलीच, तर संमतीपत्र कोरकू भाषेत समजावून सांगणारी व्यक्ती सोबत हवी, आणि तिथल्या अनेक गावांत नेटवर्क टिकत नसल्याने इंटरनेटचा अभाव हाच तिथला अभ्यासविषय होईल, हेही ध्यानात असू द्यावे.

वाचनासाठी शहर गाठण्याची पूर्वीइतकी गरज राहिलेली नाही. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध विनामूल्य उघडतात. आपल्या विषयाशी जवळचे आठ-दहा प्रबंध काढून त्यांचे फक्त पद्धतीचे प्रकरण वाचावे. महाविद्यालयाला एन-लिस्टची (ऑनलाइन नियतकालिके आणि पुस्तके वाचण्याची) सोय किंवा ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना लागू आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. प्रकाशनाच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे आणि मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे. तरी आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश वेगळे काही मागतो का, ते पाहावे. चार दिवसांत लेख छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकाला एक रुपयाही देऊ नये.

राहता राहिले वेळापत्रक. गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. हे तीन महिने वाचन, अभिप्रायांचे वर्गीकरण आणि वन विभागाचे अर्ज यांसाठी ठेवावेत. ऑक्टोबरमध्ये गेट उघडले की प्रश्नावलीची पूर्वचाचणी घ्यावी आणि डिसेंबरच्या सुट्टीत गेटवरचे पहिले सर्वेक्षण करावे. घराघरांतल्या मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत उरकाव्यात, कारण नोव्हेंबरात धान कापणी चालू असते, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचली जातात आणि त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. त्या दिवसांत सकाळी गावात गेल्यास बहुतेक दारांना कड्या लावलेल्या सापडतील. वाघ पाहायला येणाऱ्यांची सर्वांत मोठी गर्दी मात्र नेमकी एप्रिल-मेमध्ये असते, म्हणून गेटवरचे दुसरे सर्वेक्षण तेव्हाच करावे लागेल, आणि त्यासाठी उन्हाळी परीक्षांच्या कामातून सूट मिळावी असा अर्ज प्राचार्यांकडे आताच देऊन ठेवावा.